मिटलेल्या डोळ्यांचा अल्बम

२ फेब्रुवारी

ती. मामांस भिंगरीचा सा. न. वि. वि.

बातमी आधी, खुशाली नंतर. डोळ्यांच्या दवाखान्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं फोटोंचं काम मला मिळालं आहे. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी शुक्रवारी तोंडी सांगितलं आणि आज सकाळी सहीशिक्क्याचं पत्र हातात ठेवलं, म्हणून आता तुम्हाला कळवायला हरकत नाही. फोनवरच सांगितलं असतं. पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही स्वतः रचता. मागे मी बिनपगारी रजा घेतली तेव्हा तुम्ही घरभर माझी बढती झाल्याचं सांगून मोकळे झाला होतात. पत्रात ती सोय नाही.

कार्यक्रम सत्तावीस तारखेला आहे. त्याआधी एक परीक्षा. येत्या शनिवारी तिथल्या मुख्य परिचारिका निवृत्त होताहेत, त्यांच्या निरोपाचे फोटो मी काढायचे. ते पसंत पडले तर सत्तावीस तारीख माझी, आणि ती नीट पार पडली तर वर्षभरातली त्यांची सगळी शिबिरं, परिषदा, समारंभ माझे. विमा कचेरीतली माझी रजा अठ्ठावीसला संपते. त्या दिवशी एक तर राजीनामा द्यायचा, नाहीतर दावे तपासायच्या टेबलाशी मुकाट्याने परत जाऊन बसायचं. आईला दुसरं पसंत आहे. ती बोलत काही नाही, पण माझी कचेरीची पिशवी दर सोमवारी धुऊन दाराजवळच्या खिळ्याला अडकवते.

आता मुद्द्याचं. कॅमेऱ्याच्या कपाळावरचा इवलासा फ्लॅश वाढदिवसाच्या केकपुरता ठीक आहे. समारंभाला बाहेरून बसवायची फ्लॅशगनच हवी. दुकानदाराने दोन काढून ठेवल्या आहेत. एक लहान, हलकी, पर्समध्ये मावेल अशी. तिचं तोंड फक्त वर-खाली होतं. दुसरी थोराड. तिची मान चारी दिशांना वळते, ती समोरचा उजेड स्वतः मोजते आणि किती चमकायचं तेही स्वतः ठरवते. दुकानदाराचं म्हणणं, हिच्यासोबत फोटोग्राफरने फक्त हजर राहायचं.

सभागृह मी बघून आले. छत बुटकं आणि पांढरं आहे, खिडक्यांना जाड पडदे आहेत, आणि डोळ्यांचाच दवाखाना म्हटल्यावर माणसागणिक एक चष्मा आहे. तर मामा, कुठली घेऊ? एकतीस वर्षं समारंभांचे फोटो काढलेत, त्यातलं पानभर तरी माझ्या पदरात टाका.

मामीच्या गुडघ्याचं काय म्हणतंय? तिला नमस्कार.

लोभ आहेच, तो तोकडा पडला तरी चालेल; उत्तर मात्र लांबलचक आणि शुक्रवारच्या आत यावं.

तुमची
भिंगरी


४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आज आलं. आधी मामीने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं, मग काम मिळाल्याचा भाग तिला पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. शाब्बास. बढतीपेक्षा हे बरं.

थोराड घे. पर्समध्ये मावणारी वस्तू पर्समध्येच शोभते. मान वळणं ही खरी गोष्ट आहे. समोरून थेट उजेड मारलास तर प्रत्येक चष्म्यात एकेक चंद्र उगवेल आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याचा काळा जुळा भाऊ उभा राहील. मान वर करून उजेड छतावर फेक. छत पांढरं असलं की तो खाली येईपर्यंत मऊ होतो. रंगीत छताच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. मी एकदा हिरव्या छताखाली एका बँकेच्या संचालकांचे फोटो काढले होते. सगळ्या संचालकांवर शेवाळ आलं होतं.

दुसरं, एकदा चमकल्यावर पुन्हा तयार व्हायला ती किती वेळ घेते ते दुकानातच मोजून घे. निवृत्त होणारी बाई भेटवस्तू एकदाच स्वीकारते. तुझी गन दम खात होती म्हणून ती पुन्हा स्वीकारणार नाही. तिसरं, सेलचे दोन संच ने. भरलेले उजव्या खिशात, संपलेले डाव्या. मी एकदा उलटं केलं होतं. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

ती उजेड स्वतः मोजते आणि स्वतः ठरवते, हे मात्र माझ्या मनाला पटत नाही. मोजायचं ते माणसाने. मी पावलांनी मोजायचो. आणि एक लक्षात ठेव: एकतीस वर्षांत माझ्या फोटोत एकाचेही डोळे मिटलेले नाहीत. लोक म्हणायचे, दिवा चांगला आहे. दिव्यात काही नसतं गं, सगळं बोलण्यात असतं. समोरच्याला बोलतं ठेवायचं आणि त्याचं वाक्य संपता संपता बटण दाबायचं.

तुझी नवी दगा देईल तेव्हा असावी म्हणून माझी जुनी फ्लॅशगन सोबतच्या पुडक्यात पाठवतो आहे. तिला जप. ती तुझ्याहून मोठी आहे.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, या वेळी जरा जादा घाल.

मामा

ता. क. मामीकडून : जुनी गन ह्यांनी माझ्या चांगल्या शालीत गुंडाळली आहे. गन आली नाही तरी चालेल, शाल परत यावी. गुडघा जिने चढताना बोलतो, एरवी गप्प असतो.


९ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार, या वेळी मान खाली घालून.

अल्बम परत आला. व्यवस्थापक बाईंनी स्वतः मोजून सांगितलं की चौसष्ट फोटोंपैकी एकोणतीस फोटोंत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले आहेत. घरी येऊन मी पुन्हा मोजले. एकतीस निघाले. ते दोन मी त्यांना सांगितलेले नाहीत.

हा दवाखाना ज्यांनी काढला त्या थोरल्या डॉक्टर बाई नऊ फोटोंत आहेत आणि नऊच्या नऊ फोटोंत डोळे मिटून आहेत. बोलताना मिटलेले, हसताना मिटलेले, टाळ्या वाजवताना मिटलेले. एका फोटोत त्या निवृत्त होणाऱ्या परिचारिकेला फुलं देताहेत आणि दोघींचेही डोळे बंद, जणू फुलांची देवघेव चाचपडत चालली आहे. व्यवस्थापक बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की हे फोटो डोळ्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावले तर रोगी पायरीवरूनच परत जातील.

छताचं तुमचं सांगणं अगदी बरोबर निघालं. एकाही चष्म्यावर डाग नाही. काचा लख्ख आहेत, काचांमागची दारं तेवढी बंद.

दुकानदाराकडे गन घेऊन गेले. त्याने मला स्वतःचे चार फोटो काढायला लावले. चारही फोटोंत त्याचे डोळे घुबडासारखे टक्क उघडे. वस्तू ठणठणीत आहे, माणसं बघून घेत जा, असा सल्ला देऊन त्याने मला वाटेला लावलं. बोलतं ठेवायची तुमची युक्तीही करून पाहिली. वाक्य संपता संपता बटण दाबायचं म्हणून मी थांबून राहिले. थोरल्या डॉक्टर बाईंचं वाक्य संपतच नाही. एक-दोन-तीन म्हणून पाहिलं. डोळे मिटा आणि उघडा असंही सांगून पाहिलं, तर मागच्या रांगेने मिटले ते उघडलेच नाहीत.

तुमची जुनी गन लावणारच होते, पण आधी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला दाखवली हे माझं नशीब. त्याने मीटर लावला, आकडा बघितला आणि खुर्ची मागे सरकवली. म्हणाला, ही जुनी जात कॅमेऱ्याला जोडल्या जागी एवढा विजेचा दाब सोडते की नव्या कॅमेऱ्याचं काळीज जळून जाईल. मग दोन बोटांनी उचलून त्याने ती माझ्या पिशवीत ठेवली, झोपलेलं मांजर ठेवावं तशी. शाल आणि गन दोन्ही परत पाठवते आहे.

आता एकच संधी उरली आहे. वीस तारखेला स्मरणिकेसाठी सगळ्या डॉक्टरांचे आणि कर्मचाऱ्यांचे फोटो काढायचे आहेत. तेही असेच निघाले तर सत्तावीसचं काम सुटातल्या माणसाला जाईल. (हा गावातला दुसरा फोटोग्राफर. कार्यक्रमाला सूट घालून येतो आणि पाहुण्यांत मिसळून जेवून जातो.) मग माझं ते दावे तपासायचं टेबल आहेच. तिथे माझी खुर्ची अजून कुणी उचललेली नाही, ही माहिती आईने मुद्दाम चौकशी करून आणली.

मामा, माझं चुकतंय कुठे?

लोभ असावा म्हणायला तोंड नाही, तरी असावा.

भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

माझी गन पोचली. तिला मी मिस्त्रीचं म्हणणं सांगितलेलं नाही. एकतीस वर्षांत तिने कुणाचं काळीज जाळलं नाही, उलट दोन-चार लग्नं जमवली आहेत. तुमचे कॅमेरे नाजूक, त्याला ती काय करणार.

तुझं चुकतं ते घाईत. तुझं नाव उगाच भिंगरी ठेवलेलं नाही. तू समोर आलीस की माणूस आधी डोळे मिटतो, मग विचार करतो. ही गोष्ट कागदावर शिकवता यायची नाही. रविवारी सकाळच्या गाडीने कॅमेरा, गन आणि तिच्यासोबतची पुस्तिका घेऊन इकडे ये. स्टुडिओ होता तेव्हा गिऱ्हाईक आत यायच्या आधी मी मामीला स्टुलावर बसवून उजेड लावायचो. तिचा एकही फोटो डोळे मिटलेला नाही. तिला समोर बसवतो, मी शेजारी उभा राहतो आणि तुझा हात कुठे घसरतो ते बघतो.

येताना पित्त होईल असं काही खाऊन येऊ नकोस. आईला सांग, त्या खुर्चीची चौकशी पंधरा दिवस थांबव.

मामाची माया पत्रात मावत नाही, म्हणून उरलेली रविवारी.

मामा


१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामीचे आशीर्वाद.

पत्र मी लिहिते आहे ह्याचं आश्चर्य करू नकोस. काल तू गाडीत बसलीस तेव्हा तुझा चेहरा बघवला नाही, आणि जे सांगायचं होतं ते काल दिवसभर मला कुणी सांगू दिलं नाही.

काल तुम्ही दोघांनी मिळून माझे त्रेपन्न फोटो काढलेत. एक्कावन्न फोटोंत माझे डोळे मिटलेले. हे म्हणाले, तू चुकतेस. तू म्हणालीस, दिवा चुकतो. मग ह्यांनी कॅमेरा हातात घेतला, तरी माझे डोळे मिटलेले. मग तुम्ही दोघं त्या छोट्या पडद्यात डोकी घालून उजेड जास्त की कमी यावर भांडत बसलात. मी दोनदा सांगितलं की हा दिवा दोनदा लागतो. ह्यांनी सांगितलं, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. तू म्हणालीस, मामी, हलू नकोस ना गं. मग मी गप्प बसले. एकतीस वर्षांची सवय आहे, स्टुलावर बसलं की गप्प बसायचं.

तर ऐक. ह्यांची जुनी गन एकदाच लागायची, धाडकन. माझे डोळे तेव्हाही मिटायचे, पण तोवर फोटो निघून गेलेला असायचा. सगळे म्हणायचे, हिचे डोळे फोटोत किती शांत दिसतात. शांत कसले, मिटायला उशीर झालेला असायचा. ही नवी आधी एकदा बारीकशी लागते आणि मग लगेच मोठी लागते. मधे जेमतेम एका पापणीएवढा वेळ असतो. मी पहिलीलाच मिटते. दुसरी येते आणि माझ्या मिटलेल्या पापणीचा छान फोटो काढते. तुमच्या दुकानदाराची पापणी आळशी असणार, म्हणून तो सुटला. तुझ्या थोरल्या डॉक्टर बाई माझ्यासारख्या चपळ असणार.

मला वाटलं, माझा भास असेल. म्हणून तू फुलदाणीचे फोटो काढत होतीस तेव्हा मी मुद्दाम बाजूला उभी राहून बघितलं. फुलदाणीलाही दोनदा. तिला पापण्या नाहीत म्हणून तिचे सगळे फोटो छान आले.

तू गेल्यावर तुझी ती पुस्तिका इथेच राहिलेली दिसली. ह्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, यात काय लिहिलंय ते बघा. काल संध्याकाळपासून हे पान अडतीसवर आहेत. आधी चष्मा लावून वाचलं, मग भिंग लावून वाचलं, मग उठून पाणी प्यायले आणि परत वाचलं. खाली जागा सोडते आहे, तिथे तेच लिहितील.

तू जेवत जा. हाडं दिसायला लागली आहेत, आणि माझे डोळे उघडे असतात तेव्हा मला चांगलं दिसतं.

मामी

मामाकडून : पान अडतीसवर असं आहे की खऱ्या उजेडाच्या आधी ती एक लहानसा उजेड सोडते आणि तो परत किती येतो यावरून मोजमाप करते. म्हणजे मोजण्यासाठीच ती आधी डोळे दिपवते. मोजणं बंद केलं की पहिला उजेडही बंद. डाव्या हाताचं बटण दोनदा दाबायचं.

तुला हे कळलं नाही त्यात तुझा दोष नाही, मलाही कळलं नाही आणि मला कळायला हवं होतं. बटण दाबताच कॅमेऱ्याच्या आत आरसा उचलला जातो आणि खरा उजेड पडतो त्या क्षणी आपल्याला अंधार दिसतो. आमच्या काळी भिंगातून चमक दिसली तर फोटो हुकला असं समजायचं. काल मला चमक दिसत होती आणि मी ती नव्या कॅमेऱ्याची करामत समजलो. आपण दोघं बघत होतो तो पहिला उजेड. दुसरा फक्त तिने बघितला.

आता ताकद तूच ठरवायची. बुटकं पांढरं छत धरून : तीन पावलांपर्यंत पाव, सहापर्यंत निम्मी, पुढे पूर्ण. आधी कुणाला तरी त्या जागी बसवून बघ.


२१ फेब्रुवारी

ती. मामांस व ती. मामीस (या वेळी खरं तर उलट्या क्रमाने) सा. न. वि. वि.

सत्तावीस तारीख माझी. व्यवस्थापक बाईंनी काल संध्याकाळी बावन्न फोटो एकेक करून बोटाने मोजले आणि तीनच बाद केले. त्या तिनांतला एक पहारेकऱ्याचा आहे आणि तो खरोखर झोपला होता, हे सगळ्यांनी मान्य केलं.

थोरल्या डॉक्टर बाईंचे सहा फोटो, सहाही उघड्या डोळ्यांचे. त्यांनी एक फोटो हातात घेतला आणि बराच वेळ ठेवलाच नाही. मग विचारलं की त्या रोग्यांकडे अशाच बघतात का. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या की मग लोक घाबरत कसे नाहीत. त्यांना पहिल्या उजेडाची गोष्ट सांगितली तर त्या खुर्चीत ताठ होऊन बसल्या आणि तिथेच सगळ्या डॉक्टरांचा वर्ग घेतला: पापणी किती वेळात मिटते, कुणाची चपळ, कुणाची मंद, आणि चपळ पापणी कशी चांगल्या तब्येतीची खूण. शेवटी त्यांनी विचारलं की हे शोधून कुणी काढलं. मी सांगितलं, माझ्या मामीने. ती नेत्रतज्ज्ञ आहे का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, ती दिव्यासमोर बसते.

पावलांचा हिशेब एका जागी चुकला. सभागृहाच्या मागच्या बाजूला छत आणखी खाली येतं, तिथे निम्मी ताकद जास्त होते. बाकी सगळं तुम्ही सांगितलंत तसंच. सुटातला माणूस जिन्यात भेटला होता. त्याने सूट झटकला आणि शुभेच्छा दिल्या.

आता खरी कसोटी. सत्तावीसला पहिल्या तीन रांगांत साठ रोगी बसणार आहेत, सगळे नुकतेच शस्त्रक्रिया झालेले. थोरल्या डॉक्टर बाईंची अट अशी की त्यांच्यातल्या एकालाही उजेडाचा त्रास होता कामा नये. एकानेही हात डोळ्यांवर नेला तर त्या फ्लॅश बंद करायला लावतील, आणि पडदे ओढलेल्या त्या सभागृहात फ्लॅशशिवाय मला काही मिळणार नाही. मग वर्षाचं काम गेलं. पहिल्या रांगेत उजेड कसा लागतो ते मला कॅमेऱ्यामागून कळणार नाही. कुणीतरी त्या खुर्च्यांवर आधी बसायला हवं, आणि बसल्यावर काय दिसलं ते सांगायला हवं.

तर मामा, रागावू नका. मला मदतीला मामी हवी आहे. तुम्ही आलात तर मला आनंदच आहे, पण तुम्ही खुर्चीवर बसणार नाही, माझ्या शेजारी येऊन उभे राहाल.

मामीला सव्वीसला पाठवाल? जिने नाहीत, सभागृह तळमजल्यावर आहे.

लोभ दोघांचाही असावा, पण वाटणीत सध्या मामीचा जास्त लागतो आहे.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझी मामी गुरुवारी सकाळी सातच्या गाडीने निघते आहे. तिकीट मीच काढलं.

एकतीस वर्षं मी तिला विचारत आलो, बसलीस का, आणि हलू नकोस. काय दिसतं असं एकदाही विचारलं नाही. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली की आत्ता गाडीच्या वेळेचं बघा.

तिला खुर्चीवर बसवल्यावर घाई करू नकोस. ती लगेच काही बोलत नाही. दुसऱ्यांदा विचारलंस तर बोलते. गुडघ्याचं मलम मी तिच्या पिशवीत वरच ठेवलं आहे.

मी ठीक आहे. चार दिवस अंडी उकडता येतात.

इकडची काळजी नको, तिकडची मला करू दे.

मामा


१ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

राजीनामा मंजूर झाला. शाखाधिकाऱ्यांनी काल दुपारी सही केली आणि माझ्या समोरच माझं टेबल नव्या मुलीला दाखवलं. त्याआधी सकाळी व्यवस्थापक बाईंनी वर्षभराच्या कामाचं पत्र दिलं होतं. ते हातात आल्याशिवाय मी कचेरीची पायरी चढले नाही. आईने राजीनाम्याचं पत्र वाचून त्यातली एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. म्हणजे बाकीचं तिला मान्य आहे असं मी धरते.

आता सत्तावीस तारखेचं. मामी तासभर आधी सभागृहात आली आणि पहिल्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली. मी छतावर उजेड फेकला. ती काही बोलली नाही. तुमचं ऐकून मी थांबले आणि दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा म्हणाली की बसलेला माणूस व्यासपीठाकडे मान वर करून बघणार, आणि मग छतावरचा पांढरा पट्टा नेमका त्याच्या डोळ्यांत येणार. उभ्या माणसाला ते कळायचं नाही. ती म्हणाली, तुझ्या गनची मान चारी दिशांना वळते ना, मग ती मागे वळव. मी गन माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे फिरवली आणि ताकद पूर्ण केली. मग मामी एकेक करत सगळ्या वीस खुर्च्यांवर बसून आली, मग दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, मग व्यासपीठावरच्या अध्यक्षांच्या खुर्चीतही. तिथून उठायला तिने जरा वेळ लावला. विचारलं तर म्हणाली, गादी चांगली आहे.

साठ रोगी आले. माझं निम्मं लक्ष कॅमेऱ्यात आणि निम्मं त्यांच्या हातांकडे होतं. पहिल्या दहा मिनिटांत एका आजोबांचा हात वर गेला आणि मी बटणावरचं बोट उचललं. त्यांना कान खाजवायचा होता. त्यापुढे तीन तास एकाचाही हात डोळ्यांपर्यंत गेला नाही. एका आजींनी तर शेवटी विचारलं की फोटो कधी काढणार. थोरल्या डॉक्टर बाईंनी हे ऐकलं आणि लांबून माझ्याकडे बघून मान हलवली. मामा, मी त्या वेळी फोटो काढत नव्हते, मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मामीने पदराने माझा चेहरा पुसला आणि म्हणाली की सेल बदल, उजव्या खिशातले.

आता तुम्हाला जरा धीराने घ्यावं लागेल. सहा तारखेला दवाखान्याची परिषद आहे आणि व्यवस्थापक बाईंनी कामाच्या पत्रात दोन माणसं लिहिली आहेत: फोटोग्राफर आणि उजेड तपासनीस. दुसरं पद मामीचं आहे. ते नाव तिने स्वतः सुचवलं. तिचा मोबदला वेगळा, आणि तो ती माझ्याकडून घेणार नाही, दवाखान्याकडून घेणार. काल रिकाम्या सभागृहात तिने कॅमेरा मागून घेतला आणि मला खुर्चीवर बसवून माझे बारा फोटो काढले. बाराही फोटोंत माझे डोळे उघडे आहेत. चारांत डोकं कापलं आहे, पण त्याला ती सध्या महत्त्व देत नाही.

गुरुवारी आम्ही दोघी दहाच्या सुमाराला घरी पोचतो आणि दुपारच्या गाडीने परत निघतो. तेवढ्या वेळात मामीला एक फोटो काढायचा आहे. घरात तुमचे किती फोटो आहेत असं मी तिला विचारलं. तिने बोटं मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटावर थांबली. तोही ओळखपत्राचा. तेव्हा गुरुवारी दाढी करून, निळा सदरा घालून बसायचं, असा तिचा निरोप आहे. कॅमेरा तिच्या हातात असेल. मी शेजारी उभी राहणार नाही, मला तिने स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं आहे.

फोटो कसा येईल ते ठाऊक नाही. पण बटण दाबल्यावर ती तुम्हाला काय दिसलं ते विचारणार आहे, दोनदा विचारणार आहे, तेवढी तयारी ठेवा.

गुरुवारपर्यंत लोभ जपून वापरा. आल्यावर आम्ही दोघी मोजून घेऊ.

तुमची
भिंगरी